चवनिसांचा शेरा

४ जून

ताई,

बाबांना तुझ्याकडे पाठवणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण माझी पत्रं तू नेहमी अर्धवट वाचतेस. ‘नेहमी’ खोडते, ‘बहुतेक वेळा’. फोनवर बोलले असते, पण फोनवर आपल्या दोघींचा आवाज तिसऱ्या वाक्याला चढतो आणि बाबा आतल्या खोलीत रेडिओ मोठा करतात. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर चुका सुधारता येतात. लोकांच्या पुस्तकांची प्रूफं तपासताना दिवसभर दुसरं काय करते मी?

तुझे मुद्दे नीट वाचले. तुझं घर तळमजल्यावर, माझं तिसऱ्या. तुझ्याकडून हॉस्पिटल जवळ. खोली रिकामी आहे, भाऊजींची हरकत नाही. सगळं खरं. पण ‘तिथे त्यांचं खाणं सुटलंय’ असं जे लिहिलंस, ते जुनं झालं. सुटलं होतं. आता परत लागतंय.

मानेवरच्या गाठीला रेडिएशनचे शेक द्यायच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, गाठ जाईल, पण काही महिने तोंडाला कोरड पडेल आणि जिभेची चव जाईल. कोणाच्या जिभेबद्दल बोलतोय हे त्यांना कुठे ठाऊक होतं. सूपच्या कारखान्यात जन्मभर चव घ्यायचं काम केलेला माणूस. ज्यांनी मान हलवल्याशिवाय एक पुडी दाराबाहेर जात नसे, फडणीस-चिटणिसांच्या चालीवर अख्खा कारखाना ज्यांना ‘चवनीस’ म्हणायचा. त्यांच्यापुढे मी मऊ भात ठेवला की म्हणायचे, “पुठ्ठा.” सूप ठेवलं की, “ओला पुठ्ठा.” आणि ताट सारायचे.

मग ती नूडल्सची पाकिटं आली. आली म्हणजे घरात होतीच. कोपऱ्यावरच्या दुकानात दाराशी एका खोक्यात पडलेली असतात, व्हिएतनामची, दुकानातली सगळ्यात स्वस्त. प्रूफांची घाई असली की मी त्यावरच भागवते. (हे तुला आवडणार नाही, माहीत आहे.) त्या दिवशी मी खात होते आणि बाबा समोर येऊन बसले. रिकामं पाकीट हातात घेऊन बघत राहिले. त्या लिपीतल्या अक्षरांच्या डोक्यावर टोप्या असतात, टोप्यांवर तुरे असतात.

“शुद्धलेखन,” मला म्हणाले (माझं त्यांनी ठेवलेलं नाव), “या भाषेची प्रूफं तुला दिली तर तू आठवड्यात चष्म्याचा नंबर वाढवून घेशील.” मग चित्रातल्या कोळंबीवर बोट ठेवून म्हणाले, “ही बाई फोटो काढून घरी गेलेली दिसते. आत काही आली नाही.”

शेकांनंतरचा हा त्यांचा पहिला विनोद. मी वाटी पुढे सरकवली. त्यांनी एक घास घेतला, कारखान्यात घ्यायचे तसे डोळे मिटले आणि म्हणाले, “आंबट आहे. मागून साखर येतेय. आणि लसूण करपवलाय लेकाच्यांनी.”

ताई, मी पेन्सिल खाली ठेवली.

तेव्हापासून आम्ही रोज दुपारी त्या पाकिटाला सुधारतो आहोत. मी करते, ते चाखतात, शेरा देतात. शेरे तेच, कारखान्यातले. कच्चं. सुटं, म्हणजे सगळं आहे पण एकमेकांशी बोलत नाहीये. आणि बसलं. ‘छान’ हा शब्द त्यांना चालत नाही हे तुला आठवत असेल. छान पाहुणे म्हणतात.

काल पहिल्यांदा म्हणाले, “बसलं.” वाटी रिकामी होती.

म्हणून पाठवणार नाही.

धाकटी


१९ जून

ताई,

‘चवनिसांच्या मुलीने चवनिसांना पाकिटावर ठेवलं.’ हे वाक्य तू लिहिताना स्वतःशी हसली असशील. वाक्य चांगलं आहे. एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

पण पाकिटातलं जसंच्या तसं मी देत नाही. पाकिटात तीन पुड्या असतात: मसाल्याची पूड, तेल आणि तिखट. तिखटाची मी उघडतच नाही, त्यांच्या तोंडाला अजून झोंबतं. पूड निम्मीच घेते, कारण डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. नूडल्स आधी वेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, ही बाबांची सूचना. “तळलेल्याचा जुना वास त्या पाण्यात उतरतो,” म्हणाले. मग ताज्या गरम पाण्यात पूड. लसूण मी घरी परतते, मंद आचेवर, बदामी होईतो. एक अंडं फेटून धारेनं सोडते, कातीसारखा पातळ पापुद्रा धरतो. लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर. लिंबाबद्दल आमचं भांडण झालं.

“उकळत्यात पिळलंस.”

“नाही हो बाबा, बंद करूनच.”

“मग कढईला विचार. कढई खोटं बोलत नाही.”

“कढई नाहीये, पातेलं आहे.”

“तेच ते. पातेलं तुझ्या बाजूचं दिसतंय.”

आणि दुसऱ्या दिवशी: “साखर चिमूटभर घाल. गोड करायला नाही. आंबटाचे कोपरे घासायला.” असं कोणी बोलतं का, ताई? मी हे सगळं रोज डायरीत लिहिते, पण लिहून झाल्यावर वाटतं की यातलं निम्मं मी त्यांच्यासाठी करत नाही. मला कोणी तरी रोज दुपारी तपासून ‘बरोबर’ म्हणावं, म्हणून करते. आयुष्यभर तेच दुसऱ्यांना म्हणत आले आहे.

वजनाचं विचारलंस. वजन वाढलेलं नाही. गेल्या पत्रात मी ते लिहिलं नव्हतं, आणि तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही हेही मला माहीत होतं. कमीही झालेलं नाही. थांबलंय. डॉक्टर म्हणाले, थांबलं हे चांगलंच, अजून काही महिने बघू. नाही तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. घरी येऊन जिना चढताना बाबा म्हणाले, “तोंड असून नाकानं जेवायचं.”

आता दुसरं. आई गेल्यावर दारात चपला घालता घालता तू मला म्हणालीस, “तुला बाबा हवेत, कारण तुला दुसरं कोणी नाही.” त्यावर आपलं सरळ बोलणं तुटलं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. तू समजलीस मी रागावले. रागावले होतेच. पण मुख्य म्हणजे वाक्य तपासून बघत होते, आणि मला त्यात चूक सापडेना. आता एक सापडली आहे. ‘हवेत’ बरोबर आहे. ‘कारण’ चूक आहे. मला बाबा हवेत, आणि मला दुसरं कोणी नाही. मधे ‘आणि’ घाल.

त्यांनाच विचारू, असं तू म्हणतेस. विचारलं. “तुम्ही दोघी ठरवा,” म्हणाले आणि रेडिओ लावला.

धाकटी


७ जुलै

ताई,

एक विचारायचं आहे. पण आधी झालं ते सांगते, नाही तर प्रश्नच कळणार नाही.

परवा दुपारी नूडल्स उकळून, पाणी फेकून, पातेल्यात ताजं गरम पाणी ओतलं आणि दाराची बेल वाजली. प्रकाशकाचा माणूस नवीन प्रूफं घेऊन आला होता. त्याला ती उद्याच परत हवी होती, मी उद्या देणार नव्हते. दारातच वाद झाला. तो गेल्यावर मी त्याच तणतणीत आत आले, पातेल्यातलं वाटीत ओतलं आणि बाबांपुढे ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. घास घेतला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबले.

“बसलं,” म्हणाले. “लिंबू आज नेमकं पडलंय बघ.”

मला इतका आनंद झाला की त्या प्रकाशकाच्या माणसाला मी मनातल्या मनात माफ केलं.

मग भांडी घासायला गेले. ओट्यावर बशीत मसाल्याची पूड तशीच. तेलाची पुडी कातरलेली, भरलेली. परतलेला लसूण कढल्यात. अंडं फोडलेलं नाही. लिंबू चिरलेलंच नाही.

वाटीत तळाशी थोडं उरलं होतं ते मी चाखून बघितलं. गरम पाणी होतं. पुठ्ठ्याला निदान पुठ्ठ्याचा वास तरी असतो.

काल मी एक केलं, ते करायला नको होतं. मुद्दाम केलं. मसाला घातला नाही, साखर घातली, दोन चमचे. बाबा म्हणाले, “मीठ एक कण मागे आहे. पण बसलंय.”

आता मागचं सगळं उलटं वाचते आहे. करपलेला लसूण दिसतो; काळे कण पाण्यावर तरंगत होते. असल्या पाकिटात साखर असणारच, हे त्यांच्यासारखा माणूस न चाखता सांगेल. आंबटाचं तर पाकिटावर लिंबाचं चित्रच आहे. त्या पहिल्या दुपारीसुद्धा त्यांच्या जिभेला काही लागलं नव्हतं. एकही दिवस लागलेलं नाही. मी रोज लिंबाचे थेंब मोजत होते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून शेरा देत होते.

त्यांना मी काही बोललेले नाही. बोलले तर दोघांनाही तोंड लपवायला जागा नाही, घर लहान आहे.

प्रश्न असा: तुझ्याशी फोनवर बोलताना ते चवीबद्दल कधी काही म्हणाले आहेत का? सरळ उत्तर दे. माझी दया करू नकोस.

धाकटी


१५ जुलै

ताई,

सरळ उत्तर मागितलं, सरळच दिलंस. ‘मला पहिल्यापासून माहीत आहे. ते म्हणाले, धाकटीला सांगू नकोस, ती एवढी खपते, तिचं मन मोडेल. म्हणून तर इकडे घेऊन येते म्हणत होते.’

म्हणजे तुला खरं आणि मला शेरा.

मी इथे त्यांची थुंकी पुसली, चादरी बदलल्या, जिन्यात त्यांच्या दोन पायऱ्या खाली उभी राहिले, पडले तर माझ्यावर पडावेत म्हणून. आणि खरं कोणाला सांगायचं म्हटल्यावर त्यांनी फोन उचलून तुला लावला. तू लांब आहेस म्हणून सोपं गेलं असेल. हे मी स्वतःला समजावते आहे. वाक्य बरोबर आहे, त्याचा उपयोग काही होत नाही.

तू गप्प राहिलीस, याचा राग जास्त आहे की ते तुझ्याशी बोलले याचा, हे मला ठरवता येत नाहीये. पत्र लिहिण्याआधी ठरवायला हवं होतं.

तू बरोबर होतीस. पुढच्या रविवारी ये. भाऊजींना गाडी आणायला सांग, बसमध्ये त्यांची मान अवघडेल. त्यांचं खाणं या आठवड्यात पुन्हा कमी झालंय, तेव्हा उशीर नको. मी त्यांना सांगितलंय की तुझ्याकडे हॉस्पिटल जवळ आहे. “बरं,” म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही.” मी विचारलं, “कशात?” तर रेडिओ लावला.

रागानं पाठवते आहे का? हो. फक्त रागानं नाही. पण रागानं पण.

धाकटी


२४ जुलै

ताई,

पोचलात हे कळलं. पाकिटं निळ्या पिशवीत, स्वेटरांच्या खाली आहेत. भाऊजींना कोळंबीचा वास सहन होत नसेल तर खिडकी उघडायला सांग. त्या पुडीत कोळंबी नावापुरतीच आहे.

कृती मागितलीस. पहिलं पाणी फेकायचं. मसाला निम्मा. तिखट नाही. लसूण घरी परतलेला. अंडं धारेनं, ढवळायचं नाही. साखर चिमूट. लिंबू गॅस बंद केल्यावर. त्यांना लागत नसलं म्हणून ढिसाळ करू नकोस.

घरी आता रेडिओ नाही. शांत आहे. कामं भराभर होतात.


२ सप्टेंबर

ताई,

तुझी तिन्ही पत्रं समोर आहेत. पहिल्यात दोन घास खातात. दुसऱ्यात वाटी सारतात. तिसऱ्यात वजन आणखी उतरलं, आणि डॉक्टरांनी नळीसाठी येत्या सोमवारची वेळ दिली. ‘तुझ्या कृतीनं तसंच्या तसं करते, तरी का खात नाहीत? तुझ्याकडे खायचे ना? तू काय करायचीस?’ भांडल्यापासून तू मला पहिल्यांदाच काही तरी विचारलंस ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही.

वाचून मला आधी काय वाटलं ते लिहिते. बरं वाटलं. दुसऱ्या पत्राच्या वेळीच मला उत्तर माहीत होतं, आणि मी लिहिलं नाही. मनाशी म्हटलं, गप्प राहावं. तिला जमणार नाही, थकेल, आणि स्वतःच त्यांना परत आणून सोडेल. मग ते माझ्याकडे जेवतील. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडली नाही. अगदी तसंच झालं असतं. फक्त त्यात मधे सोमवार येतो, आणि मला त्यांचं जिन्यातलं ‘नाकानं जेवायचं’ आठवतं.

तर ऐक.

तू त्यांना विचारत नाहीस. तुला खरं माहीत आहे, म्हणून तू विचारत नाहीस. ज्याच्या जिभेवर काही नाही त्याला कसं झालंय म्हणून काय विचारायचं, असं तुला वाटतं. तू समजूतदार आहेस. तू वाटी ठेवतेस आणि म्हणतेस, “खा बाबा, औषध समजून खा.” तुझ्याच पत्रातलं आहे. जन्मभर ज्यांच्या शेऱ्यावाचून पुडी बाहेर गेली नाही, ते औषध समजून कसं खातील? माझ्याकडे ते नूडल्स खात नव्हतेच. शेरा द्यायचा तर घास घ्यावा लागतो, म्हणून घास घ्यायचे. चांगला शेरा द्यायचा तर वाटी संपवावी लागते.

हे मला कसं कळलं, ते मी जुलैत लिहिलं नाही. लिहिलं एवढंच की खाणं पुन्हा कमी झालंय. कमी मी केलं होतं. ती साखरेची परीक्षा झाल्यावर माझ्या तोंडून ‘कसं झालंय?’ निघेना. वाटी ठेवायची आणि प्रूफं घेऊन बसायची. ते वाट बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि वाटी निवायची. मला दिसत होतं, ताई. मला वाटलं, बसू दे असंच. मग तुला लिहिलं, उशीर नको.

आता काय करायचं ते सांगते. समोर बस. उभी राहू नकोस, हात पुसत विचारू नकोस. विचार, “कसं झालंय, बाबा?” आणि खरंच उत्तर हवंय अशी बघ. ते डोळे मिटतील. पहिला शेरा वाईटच असेल. लगेच बरं म्हटलं तर चवनीस कसले. म्हणतील, लिंबू कमी आहे. वाद घाल, “नाही हो, नेहमीइतकंच पिळलंय.” थोडा घाल, फार नको. मग वाटी उचलून स्वयंपाकघरात जा. काही घालू नकोस. त्यांना लागणार नाही, आणि उगाच आम्लानं तोंड सोलवटेल. चमच्यानं एकदा ढवळ, त्यांना आवाज ऐकू जाईल इतपत. आणि तीच वाटी परत आणून ठेव.

मग ते खातील.

तुला हे नाटक वाटेल. मलाही वाटत होतं, म्हणून तर मी ते बंद पाडलं. आता वाटत नाही. पण ते काय आहे याला मला शब्द सापडलेला नाही आणि सापडेपर्यंत थांबायला वेळ नाही, सोमवार जवळ आहे. एवढं मात्र नक्की की ते मला फसवत नव्हते. किंवा फसवत होते. पण मी जे रोज मागत होते, तेच मला देत होते. तू ते मागत नाहीस, तुझी ती गरज नाही. तुला खोटं मागावं लागेल. माझं खरं होतं, एवढाच फरक.

हे मी कळवलं, असं त्यांना सांगू नकोस. एकाचं दुसऱ्याला न सांगणं तुला चांगलं जमतं.

आणि त्यांना परत आणू नकोस. मी आता सगळं जाणून विचारेन, आणि माझा चेहरा त्यांना वाचता येतो. तुझा त्यांना अजून तेवढा वाचता येत नाही. तिथेच त्यांचं जेवण होईल.

जेवायला लागले तर मला लिहू नकोस. पत्र आलं नाही, की मी समजेन.

धाकटी